खडखड कुठून येते

कारखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबलचक शेड होती आणि तिला सगळे माहेर म्हणत. कागदोपत्री तिचं नाव 'अंतिम दुरुस्ती विभाग' होतं, पण ते नाव एका पाटीवर राहिलं होतं आणि ती पाटी एका कपाटामागे. लाईनवरून उतरलेल्या नव्या गाडीत काही खोट निघाली, दार नीट लागलं नाही, काच वर जाताना कुरकुरली, की ती गाडी माहेरी यायची. तिचे दोन दिवस लाड व्हायचे, दुखणं-खुपणं काढलं जायचं, आणि मग ती नटूनथटून गिऱ्हाइकाकडे म्हणजे सासरी रवाना व्हायची. माहेर म्हटलं की मावशी हवीच. म्हणून शेडच्या मुख्य बाईंना कारखान्यात सगळे मावशी म्हणायचे, अगदी टाय लावणारे साहेबसुद्धा.

माहेरचा एक नियम होता. गाडीत काय निघालं आणि ते कुणाच्या हातून झालं, हे शेडबाहेर बोलायचं नाही. बाहेरच्या कुणी ह्यावर हसू नये, कारण नियम दयेतून आला होता. खूप वर्षांपूर्वी माहेरातून एक कागद वर गेला, त्यावर एका वेल्डरचं नाव होतं, आणि आठवडा उलटायच्या आत तो वेल्डर घरी बसला. त्याला दोन लहान मुली होत्या. तो कागद ज्यांनी लिहिला ते कानवाले, शेडमधले सगळ्यात जुने कारागीर. त्यांनी त्या दिवशी कानाला खडा लावला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, आणि मग बाकीचं काम शिकवत. तेव्हापासून माहेरची माणसं लाईनवर फिरकत नसत आणि लाईनची माणसं माहेरात पाय ठेवत नसत. भांडण काही नव्हतं. एकमेकांची लाज राखायची, एवढंच.

कानवाल्यांना कानवाले म्हणत ते त्यांच्या कानांमुळे. गाडीत बसायचे, डोळे मिटायचे, बाहेरून दोघांनी गाडी हलवायची, आणि हे बोट दाखवायचे: इथून आवाज येतोय. त्यांचं बोट कधी चुकलं नाही. मावशी त्यांच्याच हाताखाली शिकली होती आणि पुढे त्यांची वरिष्ठ झाली, पण त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायला तिला अजून अवघड वाटायचं.

तर असं हे माहेर सुखात नांदत असताना कारखान्यावर संक्रांत आली. नऊ वर्षांपूर्वी नदीपलीकडे एका परदेशी कंपनीने कारखाना काढला होता. सुरुवातीला इकडे सगळे हसले. चार दिवसांचे पाहुणे, येतील तसे जातील, असं म्हणाले. पाहुणे गेले नाहीत. आज रस्त्यावर दहा गाड्या दिसल्या तर सहा त्यांच्या असत, आणि कारखान्याच्या मुख्य साहेबांच्या जावयाने त्यांची गाडी घेतल्यापासून साहेबांच्या घरी त्या विषयावर बोलणं बंद होतं. शेवटी मुख्य कचेरीतून पत्र आलं. दुसऱ्या लाईनच्या गाड्या खपत नाहीत, सहा महिन्यांत फरक पडला नाही तर ती लाईन बंद. त्या लाईनवर तीनशे माणसं होती. त्यांतला एक मावशीचा नवरा होता.

त्यांना कारखान्यात मापवाले म्हणत. गाडीच्या पोटातले पत्र्याचे छोटे आधार, ब्रॅकेट म्हणतात ते, साच्यात बसवून ते भोकं पाडायचे. घरातली तसबीरसुद्धा पट्टी लावून टांगणारा माणूस. पत्र आलं त्या संध्याकाळी त्यांनी फक्त विचारलं, ह्या वयात दुसरीकडे कोण घेईल मला? मावशीने उठून चहाचं पाणी तापत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. तुम्ही गाड्या उघड्या पाहता मावशी, असं म्हणाले. म्हणजे आतून पाहता, असं लगेच सावरूनही घेतलं. त्यांनी परदेशी कंपनीची एक गाडी विकत आणवली होती. ती खोला, आपल्या दुसऱ्या लाईनच्या गाडीशेजारी मांडा आणि तीन आठवड्यांत मला सांगा, लोक त्यांच्याकडे का जातात. साहेबांचा स्वतःचा अंदाज तयार होता. त्यांचं पोलाद वेगळं, त्यांची यंत्रं वेगळी आणि त्यांची माणसं शिस्तीची.

मावशीला आतून गुदगुल्या झाल्या. नऊ वर्षं जिच्या नावाने बोटं मोडली ती गाडी हातात येणार होती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही हौस कुणाला नसते?

गाडी चार दिवस खोलत होते. स्क्रू अन् स्क्रू पांढऱ्या कापडावर मांडला. साहेबांचा अंदाज पहिल्याच दिवशी लंगडा पडला. काचा त्याच कंपनीच्या होत्या जी ह्यांना काचा देते. कोपऱ्यातला शिक्काही तोच. दिवे तेच. तारांचं जुडगं बांधणारी बाई तर मावशीच्या ओळखीची निघाली. ती सकाळी ह्यांचं बांधते आणि दुपारी त्यांचं. पोलाद तपासायला पाठवलं तर उत्तर आलं, उन्नीस-बीस. पायाखालचा गालिचा त्यांचा चक्क पातळ होता, आणि तो पाहून शेडमध्ये दोन मिनिटं आनंदीआनंद झाला.

राहिली शिस्त. तर त्या शिस्तीचा एक नमुना मावशीच्या घरातच वाढला होता. तिचा धाकटा दीर सात वर्षांपासून नदीपलीकडे दारं बसवायच्या कामावर होता. ह्या माणसाला स्वतःच्या चपला सापडत नसत. चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधायचा. परदेशी कंपनीने त्याच्यात कुठली शिस्त भरली हे पाहायला मावशी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम त्याच्या घरी गेली. तो एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होता.

मोजा सापडल्यावर तिने विचारलं, भाऊजी, तुमच्याकडे दुरुस्तीच्या शेडमध्ये माणसं किती? तो म्हणाला, सहा. ती म्हणाली, थट्टा नको, आमच्याकडे चाळीस आहेत. तो म्हणाला, वहिनी, सहाच, आणि त्यांतले दोन चहा पीत असतात. मग खोट निघालेल्या गाडीचं करता काय? त्याला प्रश्नच कळेना, इतकं ते त्याच्या अंगवळणी पडलं होतं. खोदून खोदून विचारल्यावर बाहेर आलं ते असं. दार घासलं तर ती गाडी दुरुस्त करत नाहीत. आधी ह्याला बोलावतात. गाडी ह्याच्यासमोर उभी करतात, दार उघडायला लावतात, आणि सगळे मिळून शोधत बसतात की घासतंय ते आलं कुठून. कधी ह्याचा हात असतो, कधी आधीच्याचा, कधी यंत्राचा.

"मग रागावत असतील," मावशी म्हणाली.

"पहिल्यांदा मीही घाबरलो होतो," दीर म्हणाला. "पण रागवायला त्यांना वेळच नसतो, वहिनी. नुसतं विचारत राहतात. असं का, आणि मग ते तसं का. डोकं उठतं. ओरडले असते तर बरं, असं वाटतं."

मावशी घरी परतली ती हे डोक्यात घोळवतच. तिला ते थोडं निर्लज्जपणाचंही वाटलं. चारचौघांत माणसाला त्याची चूक दाखवायची, ही कुठली रीत.

दुसऱ्या आठवड्यात ती बाजारामागच्या एका गॅरेजमध्ये गेली. तिथला म्हातारा मेकॅनिक सगळ्याच कंपन्यांच्या गाड्या बघायचा आणि सगळ्यांना सारख्याच शिव्या द्यायचा. तिने आपली ओळख न देता, आपल्याच दुसऱ्या लाईनच्या गाडीचं नाव घेऊन विचारलं, ही घेऊ का. तो म्हणाला, घ्या, पण दोन वर्षांनी विका. का? तर दोन वर्षांनी डॅशबोर्डच्या मागे खडखड सुरू होते. इंजिन चांगलं, ब्रेक चांगले, पण गिऱ्हाईक रोज ती खडखड ऐकतं आणि त्याला वाटतं, आपली गाडी खिळखिळी झाली. मग ते नदीपलीकडची घेतं. त्याने खालून एक डबा काढून तिच्यापुढे उपडा केला. आत वाळलेल्या, कडक झालेल्या लोकरी कापडाच्या पट्ट्या होत्या, बोटाएवढ्या. म्हणाला, प्रत्येक गाडीतून हे पडतं, कोण शहाणा आत कोंबतो देव जाणे.

ते शहाणे कोण हे मावशीला ठाऊक होतं. पट्टी कापायची कात्री तिच्याच टेबलावर होती.

दुसऱ्या लाईनची गाडी माहेरी आली की डॅशबोर्डमागे बारीक खडखडायची. जवळजवळ प्रत्येक गाडी. कानवाल्यांनी फार पूर्वी जागा शोधली होती आणि तिथे फेल्टची, म्हणजे त्याच लोकरी कापडाची, एक पट्टी घट्ट सरकवली होती. आवाज बंद. पुढच्या गाडीतही तेच, त्याच्या पुढच्या गाडीतही तेच. इतकी वर्षं झाली की ती दुरुस्ती राहिली नव्हती, भांगात कुंकू भरावं तशी पाठवणीआधीची रीत झाली होती. साहेबांच्या भिंतीवर तक्ता होता, त्यात 'आवाज' ह्या रकान्यासमोर दर महिन्याला शून्य. त्या शून्याबद्दल माहेराला दोनदा ढाल मिळाली होती.

गॅरेजमधून ती थेट शेडमध्ये आली आणि खोललेल्या दोन गाड्यांपुढे बसली. परदेशी गाडीच्या डॅशबोर्डमागे फेल्ट नव्हतं. तिने दोन्हींकडचं तिथलं ब्रॅकेट काढलं, शेजारी शेजारी ठेवलं आणि मोजलं. त्यांच्या ब्रॅकेटचं भोक जिथे हवं तिथे होतं. ह्यांच्या ब्रॅकेटचं दीड मिलिमीटर सरकलेलं. बसवणारा ते ओढून-ताणून बसवत असणार, आणि ताणलेला पत्रा रस्त्यावर गेला की बोलत असणार. तिने दुसरं ब्रॅकेट आणवलं, मग तिसरं. सगळी दीड मिलिमीटर, सगळी एकाच बाजूला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण तिने आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवली होती. आता ती तिलाच लागू पडली. ही भोकं कारखान्यात एकच माणूस पाडत होता, आणि आज संध्याकाळी तो तिच्यासमोर जेवायला बसणार होता.

तिने कानवाल्यांना सांगितलं. ब्रॅकेट उलटसुलट करून ते म्हणाले, हे आहे तिथेच ठेव. नाव वर गेलं की माणूस जातो, मी पाहिलंय. आणि समजा नाव नाही गेलं, नुसती खोट सुधारली, तरी मग आपल्या चाळीस जणांनी काय करायचं? हे मात्र त्यांनी पुटपुटत म्हटलं, आणि तेच खरं दुखणं होतं हे दोघांनाही कळलं. मावशीला त्यांचा राग आला नाही. तिलाही तीच भीती होती. त्यात भर म्हणजे, ढाल घेताना काढलेला तिचा फोटो घरात, नवऱ्याने पट्टी लावून, भिंतीच्या बरोबर मध्यावर टांगला होता.

जेवणं झाल्यावर तिने ब्रॅकेट टेबलावर ठेवलं. गोल गोल बोलायचा तिचा बेत होता, पण तिला ते कधी जमलं नाही. सरळच म्हणाली, अहो, हे भोक दीड मिलिमीटर सरकलेलं असतं. आम्ही तिथे फेल्ट घालतो.

मापवाल्यांनी चष्मा लावला. खिशातली मोजपट्टी काढली. मोजलं, पुन्हा मोजलं. "कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली असतील."

मावशीला वाटलं, आता ते ओरडतील, निदान ब्रॅकेट भिरकावतील. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि कागदांची एक जुनी पिशवी घेऊन आले. तिच्यातून त्यांनी पिवळा पडलेला एक अर्ज काढला. साच्यामध्ये पत्रा धरून ठेवणारी एक पोलादी खुंटी असते. ती झिजून ढिली लागतेय, असं अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या बोटांना जाणवलं होतं. त्यांनी नवी मागितली होती. अर्जात एक रकाना होता: ह्या कारणाने किती गाड्या परत आल्या? त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, एकही नाही. अर्जावर तांबड्या शाईत उत्तर होतं, तक्रार नाही, सबब गरज नाही.

"मला वाटलं, माझ्या बोटांचाच भ्रम," ते म्हणाले. "भोकाचा आकार मी रोज मोजतो. जागा साचा ठरवतो. गाडी परत येत नाही म्हणजे साचा बरोबर आहे, असं धरून चाललो."

मग त्यांनी चष्मा काढला.

"मी रोज विचारायचो तुला, आज माहेर काय म्हणतंय. तू म्हणायचीस, मजेत आहे."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, असं नव्हतं हो. तुमचं आहे हेच मला माहीत नव्हतं. आम्ही कधी कुणाचं आहे ते बघतच नाही."

"तेच म्हणतोय मी," मापवाले म्हणाले. "एकदा तरी बघायचंस."

मावशी रडली. आयुष्यात फार कमी वेळा रडली असेल ती, पण त्या दिवशी रडली, कारण त्यांच्या बोलण्यात राग नव्हता आणि खोटही नव्हती.

साहेबांना तिने तीन आठवड्यांऐवजी सोळाव्या दिवशी सांगितलं. पोलाद सारखं, काचा सारख्या, माणसं सारखीच वेंधळी. फरक एवढाच, की त्यांच्याकडे चूक करणाऱ्याला चूक कळते आणि आपल्याकडे ती माहेरात जिरते. साहेबांना हे फारसं आवडलं नाही. मुख्य कचेरीला यंत्रांचं कारण कळवणं सोपं गेलं असतं. त्यांनी विचारलं, कुणाच्या हातची चूक आहे ही? मावशी म्हणाली, नाव हवं असेल तर आधी शब्द द्या की ह्यापायी कुणी घरी बसणार नाही. साहेबांनी शब्द दिला. तो तोंडी होता, आणि कारखान्यात तोंडी शब्दाचं वजन किती हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. लाईनचं काय होणार ते तर साहेबांच्याही हातात नव्हतं.

नवी खुंटी त्याच दिवशी भांडारातून मिळाली. बसवायला चाळीस मिनिटं लागली. पण तेवढ्याने मापवाल्यांचं समाधान झालं नाही. सोमवारी सकाळी ते मावशीबरोबर शेडकडे चालत आले. दारापाशी त्यांचा पाय अडखळला, मग ते आत शिरले. चाळीस माणसांचे हात थांबले. लाईनचा माणूस माहेरात, आणि तोही मावशीचा नवरा.

मावशीने जुन्या खुंटीवर बनलेल्या ब्रॅकेटची एक गाडी पुढे घेतली, डॅशबोर्डमागे हात घालून स्वतः फेल्टची पट्टी ओढून काढली आणि नवऱ्याला आत बसवलं. दोघांनी गाडी हलवली. खडखड झाली, बारीक आणि स्पष्ट. मापवाल्यांनी डोळे मिटून ती ऐकली. म्हणाले, परत हलवा. परत ऐकली. तिसऱ्यांदाही ऐकली. मग ते खाली उतरले आणि त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं.

"अजून काय काय आहे माझं?"

सगळ्यांच्या नजरा कानवाल्यांकडे गेल्या. ते आपल्या स्टुलावरून उठले नव्हते. हातात फेल्टची गुंडाळी होती.

"बाई," ते मावशीला म्हणाले, "हा माणूस उद्या घरी बसला, तर?"

"माझ्याच घरी बसेल," मावशी म्हणाली. "आणि लाईन बंद पडली तर शेजारी मी बसेन, पलीकडे तुम्ही. सांगा त्यांना."

कानवाल्यांनी गुंडाळी टेबलावर ठेवली. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच ते लाईनवरच्या माणसाशी कामाचं बोलणार होते, आणि सुरुवात कशी करावी हे त्यांना सुचेना.

"मागच्या सीटखालचं ब्रॅकेट," ते म्हणाले. "डावीकडे ओढतं. सात वर्षं झाली."

मापवाल्यांनी खिशातून वही काढली आणि स्टुलाजवळ उकिडवे बसले.

"सावकाश सांगा," ते म्हणाले. "लिहून घेतो."